एका डोळ्यामागचा ठणका आणि पंधरा मिनिटांचा ऑक्सिजन

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेल सोडून खोपोलीकडे निघालं की चौकजवळ लोधिवली लागतं. एकीकडे पाताळगंगेच्या पट्ट्यातले कारखाने, दुसरीकडे इर्शाळगड आणि प्रबळगडाचे कडे. मार्च २०२० मध्ये हे गाव बातम्यांत आलं, कारण रिलायन्सने इथे करोनासाठी विलगीकरणाची सोय उभी करून ती जिल्हा प्रशासनाच्या ताब्यात दिली होती. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनचा तुटवडा पडला, तेव्हा याच रायगड जिल्ह्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यातून वैद्यकीय ऑक्सिजन बाहेर पडत होता. त्या दोन वर्षांत ऑक्सिमीटर, फ्लोमीटर, ‘मिनिटाला किती लिटर’ हे शब्द खालापूर-कर्जतच्या घराघरांत रुळले. रुग्णालयांत सिलिंडर आले, पाइप आले, मास्क आले.

तोच ऑक्सिजन आणखी एका दुखण्यावरचा पहिल्या पसंतीचा उपाय आहे. त्या दुखण्याचा श्वास लागण्याशी काहीही संबंध नाही. ते दुखतं एका डोळ्यामागे.

रात्री अकराला माणूस झोपतो आणि एक-दीडच्या सुमाराला एका डोळ्यामागे कळ येऊन जागा होतो. पाच-दहा मिनिटांत ती कळ टोकाला पोहोचते. डोळा लाल होतो, त्यातून पाणी गळतं, पापणी उतरते, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते किंवा वाहू लागते. दुसरी बाजू मात्र पूर्ण कोरडी आणि शांत. अर्धशिशीचा रुग्ण दिवा मालवून अंथरुणात पडून राहतो. या माणसाला क्षणभरही पडवत नाही. तो उठतो, येरझारा घालतो, अंगणात जाऊन कपाळ दाबून बसतो, काही जण भिंतीवर डोकं आपटतात. पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत हे चालतं आणि जसं आलं तसं थांबतं. दुसऱ्या रात्री पुन्हा, पुष्कळदा त्याच वेळेला. सहा-आठ आठवडे असे काढले की दुखणं नाहीसं होतं आणि माणूस ते विसरूही लागतो. मग वर्षा-दीड वर्षाने, अनेकदा त्याच मोसमात, ते परत येतं. दुखण्याचे झटके असे घोळक्याने येतात म्हणून डॉक्टर त्याला क्लस्टर हेडेक म्हणतात. वैद्यकाला माहीत असलेल्या सर्वांत तीव्र वेदनांमध्ये त्याची गणना होते. प्रसूतीच्या कळा सोसलेल्या ज्या स्त्रियांना हा आजार आहे, त्यांच्यापैकी अनेकींनी ही वेदना त्याहून वाईट असल्याचं सांगितलं आहे.

हा आजार नवा नाही. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसा यांचे वैद्य गेरार्ड व्हान स्वीटन यांनी १७४५ मध्ये रोज ठरावीक तासाला एका डोळ्याच्या वर दुखणाऱ्या माणसाचं वर्णन लिहून ठेवलं, आणि आजचे मेंदूविकारतज्ज्ञ ते क्लस्टरचंच मानतात. वेळ इतकी अचूक का, याचा उलगडा व्हायला १९९८ उजाडावं लागलं. लंडनमधल्या संशोधकांनी झटका चालू असताना मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग कामाला लागलेला दिसला. झोप-जागेचं घड्याळ त्याच भागात असतं.

आता अशा माणसाची आपल्याकडे वाटचाल कशी होते ते पाहा. डोळा दुखतो म्हणून तो आधी चष्म्याच्या दुकानात जातो. नंबर निघतो, चष्मा येतो, दुखणं तसंच राहतं. नाक चोंदतं म्हणून कोणी सायनस सांगतं. मग वाफारे, अँटिबायोटिक, क्वचित शस्त्रक्रियासुद्धा. कळ वरच्या जबड्यात उतरते म्हणून दाताकडे बोट जातं आणि चांगली दाढ उपटली जाते. यात अतिशयोक्ती नाही. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत हेच दिसलं आहे की क्लस्टरचं निदान व्हायला कित्येक वर्षं लागतात आणि मधल्या काळात दात काढणं, सायनसवर उपचार करणं हे नेहमीचं असतं. दरम्यान घोळका आपोआप संपतो आणि जो उपाय शेवटी केला असेल त्याला श्रेय मिळतं. पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून.

हजारात साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. पुरुषांत तो स्त्रियांपेक्षा जास्त आढळतो आणि बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच मिळून चार लाखांच्या पुढे होती. जगभरचं प्रमाण इथे लावलं तर चारशेच्या आसपास माणसं होतात. ऐन कमावत्या वयातली, बरीचशी पाळीत काम करणारी, रस्त्यावर गाडी चालवणारी. रातपाळीचा कामगार समजतो की झोप मोडल्याने डोकं उठलंय. ट्रकचा ड्रायव्हर समजतो की समोरच्या गाड्यांच्या दिव्यांनी डोळा भडकलाय. दोघेही मेडिकलमधून गोळी घेतात. ती पोटातून रक्तात पोचून गुण द्यायला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर झटका ओसरायलाही आलेला असतो.

ऑक्सिजनचं महत्त्व इथेच आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. बेयार्ड हॉर्टन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर तो वापरायला सुरुवात केली. डिसेंबर २००९ मध्ये लंडनच्या कोहेन, बर्न्स आणि गोड्सबी या डॉक्टरांनी त्याची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली. काही झटक्यांत रुग्णांना मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला, काहींत साधी हवा, आणि सिलिंडरमध्ये काय आहे ते रुग्णाला कळू दिलं नाही. ऑक्सिजन दिलेल्या ७८ टक्के झटक्यांत पंधरा मिनिटांत दुखणं थांबलं. साध्या हवेने हे प्रमाण २० टक्के होतं. इतका उघड फरक दाखवणारे उपाय वैद्यकात फार नाहीत.

करायचं असतं ते इतकंच. झटका सुरू झाल्या झाल्या रुग्णाला खुर्चीवर बसवायचं, हवं तर किंचित पुढे वाकून. पिशवी लावलेला, नाक-तोंडावर घट्ट बसणारा नॉन-रिब्रीदर मास्क चढवायचा. सिलिंडरची चावी उघडून फ्लोमीटरमधली गोळी १२ च्या रेषेवर आणायची, गरज पडली तर १५ वर. पिशवी फुगलेली आहे ना ते बघायचं आणि पंधरा मिनिटं तसंच श्वास घेऊ द्यायचं. नाकात घालायची दोन तोंडांची नळी इथे उपयोगाची नाही, आणि मिनिटाला दोन-चार लिटर दिले तर काहीच होत नाही. ‘ऑक्सिजन लावून पाहिला, गुण आला नाही’ असं जिथे सांगितलं जातं तिथे बहुधा हीच चूक असते. घरात पडून असलेला पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटरही याला पुरत नाही. सीओपीडीसारखा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हे करू नये, आणि सिलिंडरच्या आसपास विडी-काडी तर नाहीच नाही.

खर्चाचाही हिशेब सोपा आहे. मिनिटाला १२ लिटरने पंधरा मिनिटांत १८० लिटर ऑक्सिजन लागतो. रुग्णालयात दिसणाऱ्या मोठ्या, जम्बो सिलिंडरमध्ये तो सुमारे ७,००० लिटर असतो, म्हणजे एका सिलिंडरमध्ये अडतीसेक झटके निभतात. दहा लिटर पाण्याच्या मापाच्या लहान सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर मावतो. त्यातही आठ वेळा भागतं. औषधाच्या दुष्परिणामाची भीती नाही आणि दिवसातून चार वेळा लागला तरी चालतो. गरोदर बाईलाही देता येतो.

ऑक्सिजनच्या जोडीला सुमाट्रिप्टानचं त्वचेखाली द्यायचं ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन आहे. तेही मिनिटांत काम करतं. हृदयविकार असलेल्याला मात्र ते देत नाहीत. झटके येऊच नयेत म्हणून घोळक्याच्या काळात व्हेरापामिल देतात, आणि ते चालू असताना ईसीजी काढत राहावा लागतो. सुरुवातीला थोडे दिवस स्टेरॉइड देऊन घोळका आवरता येतो. दारूची एक गोष्ट प्रत्येक रुग्णाला सांगायला हवी: घोळका चालू असताना एक पेगही तासाभरात झटका आणू शकतो, एरवी तोच माणूस प्यायला तर काही होत नाही. रुग्णांत तंबाखू ओढणाऱ्यांचं प्रमाणही जास्त असतं.

या आजाराला इंग्रजीत आत्महत्येची डोकेदुखी असंही नाव पडलं आहे, आणि ते उगीच पडलेलं नाही. रात्री दोन वाजता सहन होईनासं झालं आणि मनात नको ते येऊ लागलं, तर घरच्यांना उठवावं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

पण एका डोळ्यामागे दुखणारं प्रत्येक डोकं म्हणजे क्लस्टर नव्हे. डोळा, कपाळ, नाकालगतच्या पोकळ्या, मेंदूचं आवरण या सगळ्यांची वेदना पाचव्या मज्जातंतूच्या एकाच शाखेतून मेंदूत जाते. कारण कुठलंही असो, माणसाला ते दुखतं डोळ्यामागेच. म्हणून कुठे दुखतं याच्यापेक्षा केव्हा, किती वेळ आणि दुखताना माणूस काय करतो, हे विचारण्यात निदान दडलेलं असतं.

संख्येने पाहिलं तर यातला सर्वांत मोठा वाटा अर्धशिशीचा. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत आणि त्यांतला अर्धावभेदक दहा दिवसांनी, पंधरवड्याने किंवा अवचित उठतो असं वर्णन आहे. त्याच यादीतला सूर्यावर्त सूर्याबरोबर डोळ्यात आणि भुवईत चढतो आणि सूर्याबरोबर उतरतो. रुग्णाचं दुखणं तासा-दिवसांच्या हिशेबात विचारून घेणारे वैद्य आपल्याकडे फार पूर्वीपासून होते, हे त्यावरून दिसतं. अर्धशिशी चार तासांपासून तीन दिवस टिकते. डोकं ठोके पडल्यासारखं ठणकतं, उजेड-आवाज नकोसा होतो, मळमळतं, उलटी झाली की जरा बरं वाटतं. उलटी होते म्हणून घरात सगळे ‘पित्त झालं’ म्हणतात आणि बाई वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या घेत राहते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या संशोधकांनी शहरात आणि आसपासच्या खेड्यांत घरोघर जाऊन केलेली पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात अर्धशिशी झालेल्या प्रौढांचं प्रमाण तिच्यात २५.२ टक्के निघालं. चौघांत एक. बायकांत जास्त. जगभरात माणसाला दीर्घकाळ नाकाम करणाऱ्या आजारांत अर्धशिशीचा क्रमांक वरचा आहे आणि पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तर पहिला.

आपल्या माणसांचं डोकं कशाने उठतं हे आपल्याच डॉक्टरांनी विचारलं की काय हाती लागतं, याचं मुंबईतलं उदाहरण आहे. जसलोक आणि लीलावती रुग्णालयांत डोकेदुखीचं स्वतंत्र क्लिनिक चालवणारे डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ‘सेफलाल्जिया’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं मांडली. या रुग्णांची अर्धशिशी डोक्यावरून न्हाल्यामुळे उठत होती. मराठी घरात आजीपासून नातीपर्यंत प्रत्येकीला ठाऊक असलेली ही गोष्ट, ‘आज न्हायलेय, आता डोकं उठणार’, वैद्यकीय साहित्यात नीट नोंदली जायला एकविसावं शतक उजाडलं. असं आणखी पुष्कळ विचारायचं राहिलं आहे. संकष्टीचा चंद्रोदयापर्यंतचा उपास, नवरात्रातले नऊ दिवस, लग्नघरातलं जागरण, एप्रिलच्या उन्हात भाताच्या शेतातली राबणी, आठवड्याला बदलणारी पाळी. उपाशी राहणं आणि झोपेची वेळ बदलणं या दोन गोष्टी अर्धशिशीला हमखास चाळवतात. उपास करणारीला उपास सोडायला सांगून भागत नाही. राजगिरा, दूध, फळं वेळच्या वेळी पोटात जातील आणि पाणी कमी पडणार नाही, एवढं सांगितलं तर ती ते ऐकते.

अर्धशिशीवरची औषधं तालुक्याच्या गावात मिळतात. डोकं चढायला लागताच, वाट न पाहता, पुरेशा मात्रेत साधी वेदनाशामक गोळी आणि मळमळीवरची गोळी. त्याने भागलं नाही तर ट्रिप्टान गटातली. महिन्यात चार-पाच वेळा किंवा जास्त उठत असेल तर प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलीन यांसारखी रोज घ्यायची जुनी आणि स्वस्त औषधं डॉक्टर देतात. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. २०१८ पासून जगात आलेली, सीजीआरपी या प्रथिनाचं काम रोखणारी इंजेक्शनं प्रभावी आहेत, पण कामगाराच्या खिशाला अजून झेपणारी नाहीत.

खरी आग लावतात त्या सुट्ट्या घेतलेल्या गोळ्या. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, अथवा दोन-तीन औषधं मिसळलेली किंवा ट्रिप्टानची गोळी दहा किंवा अधिक दिवस, असं तीन महिने चाललं की डोकेदुखी त्या गोळ्यांमुळेच रोजची होऊन बसते. मग गोळी बंद करणं हाच उपचार उरतो आणि पहिले काही दिवस फार जड जातात. पाताळगंगेच्या पट्ट्यात, हायवेच्या धाब्यांवर, कर्जतच्या लोकलमध्ये खिशात पाकीट ठेवून रोज एक गोळी टाकणारी माणसं काही कमी नाहीत. त्यांना कोणीतरी ‘महिन्यात किती?’ एवढं विचारायला हवं.

सायनसबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, ‘सायनसची डोकेदुखी’ असा शिक्का बसलेले २,९९१ लोक तपासले. त्यांतल्या ८८ टक्क्यांची लक्षणं अर्धशिशीची निघाली. ताप नाही, नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव नाही आणि दर महिन्याला दुखतंय, तर तो सायनस असण्याची शक्यता कमी. उलट २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण महाराष्ट्रात सापडले तेव्हा अनेकांचं पहिलं लक्षण एका डोळ्यामागचं दुखणं आणि गालाचा बधिरपणा हेच होतं. रक्तातली साखर हाताबाहेर गेलेल्या मधुमेही माणसाचा एक डोळा नव्याने दुखू लागला, सुजला, नाकातून काळपट स्राव आला, तर तिथे एक दिवसही थांबू नये.

क्लस्टरचं एक भावंड आहे, पॅरॉक्सिझ्मल हेमिक्रेनिया. नॉर्वेचे डॉ. ओटार श्यास्टाड यांनी १९७४ मध्ये त्याचं वर्णन केलं. झटके लहान, दोन ते तीस मिनिटांचे, पण दिवसातून कित्येकदा, आणि स्त्रियांत अधिक. इन्डोमेथासिन नावाच्या जुन्या, स्वस्त गोळीने ते पूर्णपणे थांबतात. दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या त्याला सहसा लागू पडत नाहीत. एका बाजूला महिनोन्‌महिने अखंड दुखणारा हेमिक्रेनिया कन्टिन्युआ हाही त्याच गोळीला वश. पोटाला ती तिखट असते, म्हणून सोबत आम्लता कमी करणारं औषध द्यावं लागतं.

आणि मग काचबिंदू. चाळिशी ओलांडलेली बाई, जवळचं-लांबचं दोन्ही पाहायला अधिक नंबरचा चष्मा. संध्याकाळी अंधारून आलं की एका डोळ्यामागे दुखायला लागतं, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसतात, नजर धुरकट होते. झोपली की सकाळी ठीक. पुन्हा आठ दिवसांनी तेच. अंधारात बाहुली मोठी होते आणि डोळ्यातलं पाणी निचरा होणारा कोन बंद पडतो, दाब चढतो. झोपेत बाहुली लहान झाली की कोन मोकळा होतो. ही अर्धशिशी नाही. एके दिवशी कोन उघडत नाही, डोळा दगडासारखा टणक होतो, उलट्या सुरू होतात, आणि उलट्यांमुळे घरचे पुन्हा पित्तच म्हणतात. काही तासांत-दिवसांत नजर कायमची जाऊ शकते. आशियाई लोकांत हा प्रकार युरोपीय लोकांपेक्षा जास्त आढळतो. वेळेवर कळलं तर लेझरने बुबुळाला बारीक छिद्र पाडायचं काम काही मिनिटांचं असतं, आणि दुसऱ्या डोळ्यालाही ते करून घेतात.

याची पहिली चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. खोलीत थोडा अंधार करून टॉर्च कानाच्या बाजूने आडवी धरायची आणि उजेड बुबुळावरून नाकाच्या दिशेला सोडायचा. डोळ्याचा पुढचा कप्पा खोल असेल तर सगळं बुबुळ उजळतं; उथळ असेल तर नाकाकडच्या अर्ध्या भागावर सावली पडते. सावली पडली की त्या बाईला डोळ्याचा दाब मोजायला त्याच आठवड्यात पाठवायचं. एक टॉर्च आणि अर्धं मिनिट.

काही खुणा अशा आहेत की रात्र असो की पाऊस, १०८ ला फोन करावा. आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं डोकं क्षणात फुटल्यासारखं दुखणं. पापणी उतरून त्या डोळ्याची बाहुली मोठी होणं किंवा एकाचे दोन दिसणं. दुखण्याबरोबर ताप आणि मान आखडणं, हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं. मानेला हिसका बसल्यानंतर एका बाजूचं डोकं दुखून पापणी उतरणं. बाळंतिणीचं न थांबणारं डोकं: बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, आणि ‘बाधलं असेल’ म्हणून तिला खोलीत ठेवणं जिवावर बेतू शकतं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशील दुखू लागलं, चावताना जबडा भरून आला, तर रक्ताचा ईएसआर तातडीने तपासावा. कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज येण्याचा हा आजार आपल्याकडे क्वचित दिसतो, पण उशीर झाला तर डोळा जातो.

घरगुती उपायांचं काय? पहाटे सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी, कपाळाला सुंठीचा लेप, नाकात तुपाचे थेंब, काही वाड्या-वस्त्यांवर मंत्र आणि दोरा. उपाशीपोटी उठणाऱ्या अर्धशिशीला पहाटेचं दूध-जिलबी खाणं काही वेळा खरंच टाळत असेल, त्यात वावगं काही नाही. लेपाने बरं वाटत असेल तर लावावा. धोका एवढाच की दोरा बांधून महिना काढला आणि आत काचबिंदू होता, तर तो महिना परत मिळत नाही.

इथे आरोग्य यंत्रणेकडे मागणी करायला जागा आहे आणि ती ठामपणे करायला हवी. चौकचं ग्रामीण रुग्णालय, कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय आणि पाताळगंगा-रसायनीच्या मोठ्या रासायनिक कारखान्यांतली व्यावसायिक आरोग्य केंद्रं: या पट्ट्यात ऑक्सिजन आणि तो द्यायची हातोटी असलेली माणसं करोनाच्या काळापासून आहेत. नव्याने काही बांधायचं नाही. तातडीच्या खोलीत भिंतीवर एक कागद लावायचा: एक डोळा लाल, पाणी, येरझारा, तर नॉन-रिब्रीदर मास्क, १२ लिटर, पंधरा मिनिटं. रात्रीच्या ड्युटीवरच्या नर्सला तेवढं पुरतं. ज्याचं निदान झालं आहे त्याच्या केसपेपरवर तसं लिहून द्यावं, म्हणजे रात्री दोनला त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावं लागणार नाही, आणि दारू पिऊन गोंधळ घालणारा म्हणून त्याला कोणी हाकलणार नाही. कारखान्यात रातपाळीला झटका आला तर कामगाराला आरोग्य केंद्रात पंधरा मिनिटं बसू द्यावं. तासाभराने तो पुन्हा कामावर उभा राहतो. घरी पाठवलं तर त्याची पाळी बुडते आणि दुखणं तसंच राहतं.

मेंदूविकारतज्ज्ञ पनवेल-नवी मुंबईच्या अलीकडे सहजी मिळत नाही आणि एका फेरीत दिवसाची मजुरी जाते. पण डोकेदुखी हा असा आजार आहे की बहुतेक वेळा त्याचं निदान रुग्णाच्या सांगण्यावरून होतं; सिटी स्कॅन, एमआरआय क्वचितच लागतो, आणि ज्यांना लागतो त्यांच्या खुणा वर दिल्या आहेत. त्यामुळे ई-संजीवनीसारख्या दूरवैद्यकीय सल्ल्याला याच्याइतका सोयीचा दुसरा आजार सापडणं कठीण. आरोग्य उपकेंद्रात बसून तज्ज्ञाशी दहा मिनिटं बोलता आलं तर कित्येक वर्षांची पायपीट वाचेल. अट एकच, रुग्णाने सांगायची माहिती आधी टिपून ठेवलेली हवी.

ते काम घरात होऊ शकतं. दुधाचा हिशेब आणि गॅस कधी लावला हे ज्या कालनिर्णयवर लिहिलं जातं, त्याच चौकोनात डोकं उठल्याची वेळ, थांबल्याची वेळ, उजवं की डावं, आणि घेतलेली गोळी लिहा. झटका चालू असताना घरच्या कोणाकडून मोबाइलवर दोन्ही डोळ्यांचा एक फोटो काढून घ्या. लाली आणि उतरलेली पापणी डॉक्टरांपुढे जाईपर्यंत ओसरलेली असते. चाळिशी उलटली असेल तर ‘डोळ्याचा दाब मोजा’ असं स्वतःहून सांगा. दोन महिन्यांची पानं आणि तो फोटो घेऊन चौक किंवा कर्जतच्या रुग्णालयात जा, आणि दाढ काढायला खुर्चीत बसण्यापूर्वी जा.